ऑक्सिजन ९७, तरी आई गुंगीत! बोटाचं मशीन जे सांगत नाही ते दुधाच्या हिशोबानं समजून घ्या

मागच्या थंडीतली गोष्ट. आठवडाभर रात्रपाळीची लाईट होती, म्हणून मी गव्हाला पाणी द्यायला रानात गेलो होतो. इकडं घरी आईची धाप वाढली. तिला दम्यासारखा जुना आजार आहे, डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आहे आणि डॉक्टरांनी ते दोन लिटरवर ठेवायला सांगितलेलं आहे. धाप बघून पुतण्या घाबरला आणि त्यानं मशीन दोनवरून पाचवर नेलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८९ चा आकडा ९७ वर गेला. सगळ्यांना हायसं वाटलं.

पहाटे मी घरी आलो तेव्हा आई झोपलेली होती. हाक मारली की डोळे उघडायची, "हं" म्हणायची आणि परत डोळे मिटायची. आकडा मात्र ९७ च. बायको म्हणाली, "झोपू द्या, अर्धी रात्र बसूनच होत्या." मलाही ते पटलं. सात वाजता चहाची कपबशी हातात दिली तर हात पाखराच्या पंखासारखा फडफडला आणि चहा अंगावर सांडला. तेव्हा गाडी काढली.

जिल्ह्याच्या गावी छातीच्या डॉक्टर मॅडमनी मनगटातून रक्त काढलं. वीस मिनिटांत रिपोर्ट आला. ऑक्सिजन भरपूर होता, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड ८२ होता. तो ३५ ते ४५ मध्ये असावा लागतो. मॅडम म्हणाल्या, "दादा, दुपारपर्यंत झोपू दिलं असतं तर कदाचित उठल्याच नसत्या."

आई चार दिवस तोंडावर घट्ट मास्कचं मशीन लावून राहिली आणि घरी आली. पण मला तो ९७ चा आकडा काही सुटेना. कोरोनापासून आपल्या प्रत्येक वाडी-वस्तीवर बोटाचं मशीन आहे. कुणाकुणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीनही आहे. जी चूक आमच्या घरात झाली ती तुमच्या घरात होऊ नये, म्हणून मॅडमना विचारून आणि स्वतः वाचून जे समजलं ते इथं मांडतोय.

श्वासाची कामं दोन, मशीन बघतं एकच

फुफ्फुस दोन कामं करतं. ऑक्सिजन रक्तात घालायचा आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे शरीराच्या चुलीतला धूर, बाहेर टाकायचा. बोटाचं मशीन फक्त पहिलं काम बघतं. रक्त किती लाल आहे ते प्रकाशानं ओळखतं आणि आकडा दाखवतं. धूर बाहेर पडतोय की आत कोंडतोय, हे त्याला कळतच नाही.

हा धूर कोंडला की आधी डोकं दुखतं, विशेषतः सकाळी. मग माणूस गुंगीत जातो, बडबडतो, हात फडफडतात आणि शेवटी बेशुद्धी येते. आमच्या आईचं हेच चाललं होतं आणि आम्ही समजत होतो की आराम पडला.

पाईपातली हवा

आता धूर कोंडतो कसा? यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. डॉक्टर तिला डेड स्पेस म्हणतात. आपण तिला मोकळी जागा किंवा वाया जाणारा श्वास म्हणू.

धडधाकट माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात साधारण ५०० मिली हवा घेतो, म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली. ही सगळी हवा कामाला येत नाही. नाक, घसा, श्वासनळी आणि तिच्या फांद्या ही झाली पाईपलाईन. ऑक्सिजन आणि धुराची अदलाबदल होते ती पाईपात नाही, तर पाईपाच्या टोकाला असलेल्या बारीक फुग्यांत. त्यांना वायुकोश म्हणतात आणि दोन्ही फुफ्फुसांत मिळून ते कोट्यवधी असतात. पाईपलाईनमध्ये सुमारे १५० मिली हवा मावते. म्हणजे ५०० पैकी १५० मिली पाईपातच अडकते आणि ३५० मिली फुग्यांपर्यंत पोचते.

आपल्या विहिरीच्या पाईपलाईनमध्ये आणि यात एक फरक आहे. आपलं पाणी एकाच दिशेनं जातं. फुफ्फुसात आत यायचा आणि बाहेर जायचा पाईप एकच. त्यामुळं श्वास सोडल्यावर पाईपात शेवटची वापरलेली हवा उरते आणि पुढच्या श्वासाला तीच शिळी हवा आधी आत जाते.

आता हिशोब बघा. शांत माणूस मिनिटाला १५ श्वास घेतो. १५ गुणिले ५०० म्हणजे साडेसात लिटर हवा. त्यातली फुग्यांपर्यंत पोचली १५ गुणिले ३५०, म्हणजे सव्वापाच लिटर.

धाप लागलेला माणूस घाईघाईनं उथळ श्वास घेतो. समजा मिनिटाला ३० श्वास, प्रत्येकी २५० मिली. एकूण हवा तेवढीच, साडेसात लिटर. पण प्रत्येक श्वासातले १५० मिली पाईपातच गेले. उरले १०० मिली. ३० गुणिले १०० म्हणजे फक्त तीन लिटर. छातीचा भाता दुप्पट वेगानं चाललाय, कष्ट दुप्पट आणि काम निम्म्याच्या आसपास. बघणाऱ्याला वाटतं, माणूस चांगला जोरात श्वास घेतोय. प्रत्यक्षात तो पाईपच हलवत बसलाय.

म्हणूनच सीओपीडीच्या पेशंटला शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. श्वास संथ झाला की तेवढ्याच कष्टात जास्त हवा फुग्यांपर्यंत जाते.

पडीक वाफ्यात गेलेलं पाणी

पाईपातली मोकळी जागा सगळ्यांनाच असते. आजारी फुफ्फुसात दुसरी एक मोकळी जागा तयार होते. ती जास्त घातक.

दारं धरताना आपण काय बघतो? पाणी त्या वाफ्यात जावं जिथं पीक उभं आहे. पीक जळून गेलेल्या वाफ्यात पाणी सोडलं तर पाणीही गेलं आणि वीजही गेली. फुफ्फुसात हवा म्हणजे पाणी आणि रक्त म्हणजे पीक. ज्या फुग्यात हवा पोचते पण रक्त पोचत नाही, तिथली हवा फुकट. वर्षानुवर्षांच्या धुरानं फुग्यांच्या भिंती आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिजल्या की असं होतं. पायातली रक्ताची गाठ सुटून फुफ्फुसात अडकली तरी असंच होतं: हवा ठीक जाते, पण पुढं रक्तच नाही.

याच्या उलटही असतं. पीक उभं आहे पण पाणी नाही, म्हणजे रक्त येतंय पण फुगा पाण्यानं किंवा पुवानं भरलाय. न्यूमोनियात हे होतं. तिथं ऑक्सिजन लवकर घसरतो.

आमच्या आईनं आयुष्यात विडी ओढली नाही. पण चाळीस वर्षं चुलीपुढं बसली. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते जाळलं. तोच धूर तिचे वाफे पडीक करून गेला.

फॅटवरून पाणी ओळखायचं

आता मुख्य प्रश्न. श्वासातला किती भाग वाया जातोय, हे मोजायचं कसं? फुफ्फुस उघडून तर बघता येत नाही. इथं मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, "दादा, डेअरीला दूध घालता ना?"

समजा आपल्या म्हशीच्या निव्वळ दुधाला ६ फॅट लागते. आज कॅनमधल्या दुधाला लागली ४.२. पाणी किती? ६ मधून ४.२ वजा केले, राहिले १.८. त्याला ६ नं भागलं, आले ०.३. म्हणजे कॅनमध्ये ३० टक्के पाणी. पाण्याला स्वतःची फॅट नसते, म्हणून हा हिशोब जमतो.

श्वासाचं अगदी तसंच आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतोच. त्यामुळं जी हवा फुग्यातल्या रक्ताला भेटलीच नाही, ती धुराविना तशीच बाहेर येते. ती झाली पाणी. फुग्यात रक्ताला भेटून आलेली हवा धूर घेऊन येते. ते झालं निव्वळ दूध. आपण श्वास सोडतो तेव्हा दोन्ही मिसळून बाहेर येतात.

फुग्यातल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० असतो (हा दाब रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात). सोडलेला सगळा श्वास पिशवीत गोळा केला आणि त्यात दाब २८ आला, तर ४० वजा २८ म्हणजे १२. त्याला ४० नं भागलं की ०.३. म्हणजे श्वासाचा ३० टक्के भाग वाया गेला. निरोगी माणसाचा आकडा साधारण एवढाच असतो.

आजारी फुफ्फुसाचं उदाहरण घ्या. आतला दाब ६० आणि पिशवीतला २४. साठातून चोवीस गेले छत्तीस, भागिले साठ, म्हणजे ०.६. दर दहा श्वासांतले सहा फुकट. माणूस ४०० मिलीचा श्वास घेत असेल तर कामाला येतात फक्त १६० मिली.

हा हिशोब पहिल्यांदा मांडला डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या ख्रिश्चन बोर या शास्त्रज्ञानं, १८९१ साली. अणूच्या रचनेबद्दल नोबेल मिळवणारे नील्स बोर हे त्यांचेच चिरंजीव.

निव्वळ दूध मिळवायचं कुठून?

हिशोब सोपा आहे, पण एक अडचण आहे. मिसळलेला श्वास पिशवीत धरता येतो. फुग्याच्या खोलातली निव्वळ हवा कशी आणायची?

ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन नावाचे शास्त्रज्ञ होते. खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करणारे आणि आधी स्वतःवरच प्रयोग करून बघणारे. १९०५ साली त्यांनी आणि प्रीस्टली यांनी साधी युक्ती काढली. लांब रबरी नळीत जोरात, पूर्ण श्वास सोडायचा आणि श्वास संपता संपता तोंडाजवळची हवा काढून घ्यायची. पाईपातली हवा आधी निघून जाते, शेवटी येते ती फुग्यांतली. गाईचं दूध काढताना पहिल्या धारा पातळ आणि शेवटच्या घट्ट असतात, तसंच काहीसं. यातूनच त्यांना दिसलं की फुग्यातला कार्बन डायऑक्साइड शरीर जवळजवळ एकाच पातळीवर राखतं आणि आपला श्वास कमी-जास्त होतो तो मुख्यतः त्याच्याच हिशोबानं.

१९४८ साली अमेरिकेतल्या फाउलर यांनी पाईपाची जागा वेगळी मोजली. पेशंटला एकच श्वास शुद्ध ऑक्सिजनचा घ्यायला लावायचा आणि मग सोडताना नायट्रोजन कधी दिसायला लागतो ते बघायचं. पाईपात नुसता ऑक्सिजन भरलेला असतो, म्हणून सुरुवातीला नायट्रोजन शून्य. तो दिसायला लागला म्हणजे फुग्यातली हवा आली. तोवर किती मिली हवा बाहेर पडली, त्यावरून पाईप किती मोठा ते कळतं.

पण आजारी फुफ्फुसात सगळे फुगे सारखे नसतात. काही लवकर रिकामे होतात, काही उशिरा. शेवटची हवा नेमकी कुठली, हे सांगता येत नाही. म्हणून स्वीडनच्या एन्गॉफ यांनी १९३८ साली सुचवलं होतं की फुग्यातल्या हवेच्या जागी सरळ धमनीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड धरा. रक्त सगळ्या फुग्यांवरून फिरून आलेलं असतं, म्हणजे सरासरी त्यातच आली. आजही आयसीयूत बहुतेक हाच हिशोब चालतो.

आता दवाखान्यात काय करतात?

मनगटातल्या धमनीतून रक्त घेतात, त्या तपासणीला एबीजी म्हणतात. नेहमीच्या शिरेतल्या सुईपेक्षा ही जास्त दुखते, पण ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि रक्ताची आम्लता हे तिन्ही लगेच कळतं.

दुसरं यंत्र म्हणजे कॅप्नोग्राफ. ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेल्या पेशंटच्या नळीला ते जोडलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषून घेतो, त्यावरून प्रत्येक श्वासातलं त्याचं प्रमाण पडद्यावर रेषेसारखं दिसतं. निरोगी माणसात श्वासाच्या शेवटचा आकडा आणि रक्तातला आकडा यांत दोन ते पाचचाच फरक असतो. हा फरक वाढला म्हणजे कुठंतरी पडीक वाफे वाढलेत. याचंच पुढचं यंत्र श्वासाचं मापही सोबत घेतं. त्यामुळं आता पिशवी लागत नाही.

हा आकडा नुसता कागदावरचा नाही. २००२ साली अमेरिकेत फुफ्फुस निकामी होऊन व्हेंटिलेटरवर असलेल्या १७९ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा वाया जाणारा श्वास सरासरी ०.५८ होता. हा आकडा ०.०५ नं वाढला की मृत्यूचं पारडं ४५ टक्क्यांनी जड होत होतं.

मग ९७ कसा आला?

आता आमच्या घरच्या गोष्टीकडं परत येऊ. फुग्यात ऑक्सिजनचा दाब किती, हे काढायचा एक हिशोब डॉक्टर करतात. हवेचा दाब ७६०. त्यातून फुफ्फुसातल्या ओलाव्याचे ४७ वजा. राहिले ७१३. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे १५०. त्यातून कार्बन डायऑक्साइड भागिले ०.८ एवढं वजा करायचं, कारण शरीर दहा भाग ऑक्सिजन घेतं तेव्हा आठ भाग कार्बन डायऑक्साइड सोडतं. निरोगी माणसाचे ४० भागिले ०.८ म्हणजे ५०. १५० मधून ५० गेले, उरले १००. (हे समुद्रसपाटीचं झालं, पठारावर थोडं कमी धरा.)

आईचा कार्बन डायऑक्साइड ८२. भागिले ०.८ म्हणजे साधारण १०२. साध्या हवेवर १५० मधून १०२ गेले, उरले ४८. एवढ्या कमी दाबावर बोटाचं मशीन ८५ च्याही खाली गेलं असतं आणि आम्ही रात्रीच गाडी काढली असती.

पण मशीन होतं पाच लिटरवर. नाकातल्या नळीनं तेव्हा साधारण ४० टक्के ऑक्सिजन मिळतो. ७१३ चे ४० टक्के म्हणजे २८५. त्यातून १०२ गेले, उरले १८३. झाला ना ९७ चा आकडा! धूर तेवढाच कोंडलेला, फक्त धोक्याची घंटा बंद झाली.

त्यात आणखी एक. ऑक्सिजन जास्त दिल्यानं अशा पेशंटचा धूर आणखी वाढतो. ज्या फुग्यांत हवा नीट जात नाही, तिथलं रक्त शरीर स्वतःच कमी करतं आणि चांगल्या फुग्यांकडं वळवतं. हुशार शेतकरी वाळल्या वाफ्याचं दारं मोडतो तसं. बाहेरून ऑक्सिजन ओतला की शरीराला वाटतं, तिथं सगळं ठीक आहे. मग रक्त परत खराब फुग्यांकडं वळतं, चांगल्या फुग्यांतली हवा वाया जाते आणि मोकळी जागा वाढते. शिवाय श्वासाचा जोरही थोडा मंदावतो आणि ऑक्सिजननं भरलेलं रक्त कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवतं.

२०१० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर रुग्णवाहिकेतल्या पेशंटवर अभ्यास झाला. एका गटाला सरसकट जास्त ऑक्सिजन, दुसऱ्याला मोजून, आकडा ८८ ते ९२ राहील एवढाच. मोजून दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

घरात काय लक्षात ठेवायचं?

• जुन्या सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजनचा आकडा साधारण ८८ ते ९२ पुरतो. आपल्या पेशंटला किती हवा ते डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. न्यूमोनिया, हार्टचा त्रास किंवा इतर आजारांत हा आकडा वेगळा असतो.

• सांगितलेले लिटर मनानं वाढवू नका. जास्त झाले असं वाटलं तर ऑक्सिजन एकदम बंदही करू नका, आकडा झपकन पडतो. सांगितलेल्या लिटरवर आणा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

• आकड्याबरोबर माणूस बघा. हाक मारल्यावर नीट बोलतोय का? सकाळी डोकं दुखतंय का? दिवसा गुंगी आहे का? हात पुढं करायला सांगा, पंजा फडफडतोय का?

• छाती-पोटाकडं बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. श्वास जोरात आणि उथळ झाले, किंवा आधी जोरात असलेले आता मंद पडलेत आणि माणूस झोपाळू झालाय, तर हा आराम नाही. १०८ ला फोन लावा.

• रुग्णवाहिकेत आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा: "पेशंट सीओपीडीचा आहे, घरी एवढ्या लिटरवर आहे."

• ऑक्सिजनच्या मशीनजवळ चूल, विडी, उदबत्ती नको. भडका उडतो.

आई आता दोन लिटरवर आहे. सिलिंडर संपला की सून मागच्या पडवीत चूल पेटवते, तेव्हा आईची खाट आम्ही पुढच्या ओसरीत आणतो. मशीनच्या काट्यावर पुतण्यानं स्वतःच्या हातानं पांढरी चिकटपट्टी लावलीय आणि त्यावर लिहिलंय, "२ च्या पुढं नाही." रोज सकाळी मी डेअरीला जाण्याआधी आईजवळ जातो. आधी विचारतो, "आये, आज वार कोणता?" ती चिडून वार सांगते. मग बोटाला मशीन लावतो.